अळणी नवस

राइकने बादलीतून टोपी उचलली तेव्हा ती नुकत्याच ओढलेल्या जाळ्यासारखी ठिबकत होती. टोपी कसली, रबरी दोऱ्यांची जाळीच ती. गाठीगाठीला स्पंजाचं एकेक बोंड आणि प्रत्येक बोंडामागे एक बारीक तार. खुर्चीत बसलेल्या हेडविगने खांद्यावरचा टॉवेल गळ्याशी घट्ट धरला.

"गार लागेल हं, युनेमानबाई."

"गार चालेल. पाणी कसलं आहे?"

"मिठाचं."

हेडविगचा हात टॉवेलवर तसाच राहिला. "मिठाचं?"

"साध्या पाण्याला वीज ओळख देत नाही. मीठ घातलं की कशी सुतासारखी सरळ येते! तुमचं डोकं आतून काय बोलतं, ते आम्हाला मिठाच्या पाण्यातूनच ऐकावं लागतं."

"पण ते तोंडात नाही ना जाणार?"

राइक हसला. चाळिशीचा, कानात वाळी घातलेला, मनाने मोकळा माणूस. जर्मनीतल्या येना शहराच्या या दवाखान्यात लोकांच्या मेंदूचे आलेख काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. "आजवर कोणी प्यायलेलं नाही. तुम्हाला हवंच असेल तर पेला आणतो."

त्याने जाळी डोक्यावर बसवली, बोंडं एकेक करून केसांतून कातडीपर्यंत दाबली. एक थेंब कपाळावरून निसटला, नाकाच्या कडेने उतरला आणि ओठाशी आला. हेडविगने तो टॉवेलच्या टोकाने असा झटकला, जणू विंचूच अंगावर चढला होता. राइकने ते पाहिलं.

सत्तरी ओलांडलेली बाई मिठाच्या एका थेंबाला का भ्यावी, हे कळायला मागे हिवाळ्यात जावं लागेल.

हेडविग आइख्सफेल्ड या कट्टर कॅथलिक भागातली. त्या भागाबद्दल येनाचे लोक थट्टेने म्हणतात, की तिकडे कोंबड्यासुद्धा शुक्रवार पाळतात. तिच्या गावचा पाद्री एकटा आणि त्याच्या गळ्यात गावं अनेक. त्यामुळे संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालवायची हेडविगनेच. पुढच्या बाकावर बसून अर्धी प्रार्थना ती म्हणायची, उरलेली अर्धी मागच्या बायका पुऱ्या करायच्या. नवरा गेला, गुडघे गेले, पण हा नेम काही चुकला नाही.

जानेवारीत मुलीचा, सिबिलेचा, येनाहून फोन आला. छातीत गाठ लागते आहे, तुकडा तपासायला पाठवलाय, निकालाला थोडे दिवस लागतील. सिबिले शाळेत गणित शिकवायची. तिचा आवाज नेहमी फळ्यावर उत्तर लिहिल्यासारखा. त्या दिवशी तो अर्ध्यातच पुसला गेला. हेडविगने फोन ठेवला, माळ हातात घेतली आणि नवस बोलली. पोरीचा निकाल चांगला येऊ दे, येत्या उपासकाळात, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मी मिठाला शिवणार नाही.

निकाल चांगला आला. सिबिले म्हणाली, "नशीब!" हेडविग म्हणाली, "हो गं बाई." नवसाचं मात्र तिने कोणालाच सांगितलं नाही. उपास करावा तर चेहऱ्यालासुद्धा पत्ता लागू देऊ नये, हे तिच्या आईचं शिकवणं. आणि पोरीला सांगितलं असतं तर ती जन्मभर ते ओझ्यासारखं वागवत राहिली असती.

राखेच्या बुधवारी तिने मिठाचं मडकं शेजारणीच्या घरी ठेवायला दिलं, डोळ्यांसमोरच नको. ब्रेड घरी भाजायचा, बिनमिठाचा. बटाटे उकडून, वर थोडं सायीचं दही. जिभेला काहीतरी चाळा हवा म्हणून दिवसभर पुदिन्याचा चहा, किटलीमागून किटली. रक्तदाबाची, पाणी उतरवणारी गोळी रोज सकाळी चालूच होती. अळणी खाऊन कोणी मेल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

थोडे दिवस बरे गेले. मग डोकं जड होऊ लागलं, कापूस भरल्यासारखं. एका संध्याकाळी ती चर्चमध्ये वेदीपाशी काड्यापेटी हातात घेऊन उभी राहिली आणि हिचं काय करायचं असतं ते आठवेना. काही दिवसांनी भर रोझरीत "नमो मारिया, कृपापूर्णे" म्हणाली आणि पुढचा शब्दच येईना. लहानपणापासून श्वासासारखा येणारा शब्द! मागच्या बायकांना वाटलं, बाईला भरून आलं. मग कोणीतरी मागूनच प्रार्थना उचलली, आणि दुसऱ्या कोणीतरी घरी जाऊन सिबिलेला फोन लावला.

सिबिले धावत आली. टेबलाशी बसून तिने ब्रेडचा तुकडा मोडला, चावला आणि तिचं तोंड थांबलं.

"आई, यात मीठ घालायचं विसरलीस."

"हो का?" हेडविग म्हणाली.

एवढंच. खोटं बोलायचं नव्हतं, खरं सांगायचं नव्हतं, म्हणून तिने एक प्रश्न पुढे सरकवला. सिबिलेने उठून फळ्या धुंडाळल्या. "मडकं कुठंय मिठाचं?" "असेल कुठेतरी." हेही खरंच होतं. पण सिबिलेचा चेहरा पांढरा पडत गेला तो हेडविगला दिसला. त्याच रविवारी तिने आईला येनाला आपल्या घरी आणलं. तिथे हेडविगने पहिल्या दिवशी सूप बाजूला सारलं, दुसऱ्या दिवशी सॉसेज आणि चीज. भूक नाही म्हणाली. सिबिलेने मनातल्या मनात बेरीज केली: शब्द विसरते, मीठ विसरते, खायचं विसरते. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. येत्या शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

हेडविगला आपलं घर हवं होतं, बाकावरची आपली जागा हवी होती. पण तिच्या पोटातली भीती त्याहून खोल होती. मीठ ती विसरली नव्हती, हे खरं. पण नमो मारिया तर विसरली होती ना? मग पोर खोटं काय म्हणत होती?

"आता डोळे मिटा," राइक यंत्राच्या पडद्यापाशी बसत म्हणाला. "मिटले की मागच्या बाजूने लाटा उठतात. गिऱ्हाईक गेल्यावर दुकानदार गुणगुणायला लागतो ना, तशा."

हेडविगने डोळे मिटले. खोलीत यंत्राचा बारीक आवाज आणि राइकच्या खुर्चीची कुरकुर, बाकी शांत.

"युनेमानबाई, गोळी चघळताय?"

"नाही हो."

"गाताय मनात?"

"नाही."

"मग कपाळावर या एवढाल्या लाटा कुठून येतायत? आणि त्या पण अशा तालात? बरं, एक करा. ला-ला-ला म्हणा."

"काय म्हणू?"

"ला-ला-ला. लाजू नका, इथे बिशपसुद्धा ला-ला-ला म्हणून गेलेत."

"उगाच काहीतरी!" पण तिने म्हटलं. राइकने मांडीवर थाप मारली.

"सापडली! जीभ आहे ही. जिभेतसुद्धा वीज असते, बाई. टोकाला उणे, मुळाशी अधिक, घड्याळातल्या सेलसारखी. हलली की वर कपाळापर्यंत वर्दी जाते. आता खरं सांगा, तोंड मिटून काय चाललं होतं?"

हेडविग ओशाळली. "जप."

"मनात ना?"

"मनातच. पण जीभ बिचारी इतक्या वर्षांची सोबतीण, तिला कसं कळणार की आता आपलं काम नाही?"

राइकने पडदा तिच्याकडे वळवला. तारांच्या संख्येइतक्या रेघा एकीखाली एक धावत होत्या आणि वरच्या काहींवर फुगवटे दिसत होते, शेतातल्या वाफ्यांसारखे. हेडविग पुढे झुकली. भीती जरा मागे सरली आणि तिच्या जागी नवल येऊन बसलं.

"यात एक नमो मारिया कुठून कुठपर्यंत?"

"मला काय विचारता! माझ्या आजीला चर्चचं दार आत उघडतं की बाहेर, तेसुद्धा माहीत नव्हतं." तरी त्याने बोट ठेवलं. "इथून... इथवर असेल. मग पुन्हा तेच."

"आणि हा मधला खळगा?"

"श्वास घेतला असेल तुम्ही."

तिने तो खळगा टक लावून पाहिला. आपली प्रार्थना कोणाच्या डोळ्यांना दिसेल, असं तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"आता थोडा वेळ जीभ थांबवाल? मला मागचं ऐकायचंय."

हेडविगने पुन्हा डोळे मिटले आणि जीभ खालच्या दातांमागे निजवली. जप न करता नुसतं बसायचं कसं, हेच तिला आठवेना. वाटलं, आता आत काळोख होईल. पण पाट बंद केल्यावरही गिरणीचं चाक जरा वेळ फिरत राहतं, तसं आत काहीतरी शब्दांवाचून फिरत होतं. हे कोण फिरवतंय, असं तिच्या मनात आलं, आणि तो प्रश्न तिला आवडला.

"आता स्वच्छ आलं," राइक म्हणाला. पण त्याने पुढे विनोद केला नाही. तिने डोळे उघडले तेव्हा तो पडद्याकडे पाहत होता. फुगवटे गेले होते. खालच्या लाटा मात्र जड होत्या, पायाला चिखल लागलेल्या माणसासारख्या.

"बिघडलंय का?"

"वाचायचं काम डॉक्टरीणबाईंचं. मी फक्त टिपतो." त्याने टोपी हलक्या हाताने उचलली. "एक विचारू? मघाशी थेंबाला एवढ्या का भ्यालात?"

"सवय," हेडविग म्हणाली. राइकने मान हलवली आणि तिचे ओले केस पुसायला दुसरा टॉवेल दिला.

डॉक्टर वाइडलिख तरुण होत्या आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायच्या. त्यांच्या टेबलापाशी सिबिले आधीच बसली होती, पर्स मांडीवर उभी धरून.

"मेंदूच्या लाटा मंदावल्यात, हे खरं," डॉक्टर म्हणाल्या. "पण सकाळच्या रक्ताचा निकालही आलाय. युनेमानबाई, तुमच्या रक्तातलं मीठ फार उतरलंय."

"मिठाचा आणि डोक्याचा काय संबंध?" सिबिलेने विचारलं.

डॉक्टर हेडविगकडेच वळून बोलल्या. "मेंदूतली प्रत्येक पेशी म्हणजे एक खोली समजा. दाराबाहेर मीठ जास्त, आत कमी. दार क्षणभर उघडतं, मीठ आत घुसतं, आणि ठिणगी पडते. ती ठिणगी शेजारच्या खोलीपाशी जाते, तिथे कसल्याशा रसाचा थेंब सांडतो, मग ते दार उघडतं. आठवणं, बोलणं, रागावणं, सगळं असंच चालतं. बाहेरचं मीठ उतरलं की पाणी खोल्यांमध्ये शिरतं. खोल्या फुगतात, ठिणग्या मंदावतात."

हेडविगने सगळं ऐकून घेतलं. शब्द तिच्यापर्यंत सावकाश येत होते, पण येत होते. "म्हणजे विचार खारट असतो?"

डॉक्टर हसल्या. "मला असं कोणी विचारलं नव्हतं. पण हो. असतो."

"आई, थट्टा नकोय आता."

"थट्टा नाही करत गं मी."

"तर प्रश्न असा, की उतरलं का," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तदाबाच्या गोळीने उतरू शकतं, पण ती गोळी तुम्ही खूप वर्षं घेताय, आजवर काही झालं नाही. अलीकडे नवीन काही? खाण्यात, पिण्यात?"

"खाणंच सोडलंय तिने," सिबिले म्हणाली. "ब्रेडमध्ये मीठ घालायला विसरते. मडकं कुठे ठेवलं तेही विसरली. डॉक्टर, विसरणं आधीचं आहे, मीठ नंतर उतरलं. मला खरं काय ते सांगा."

डॉक्टरांनी हेडविगकडे पाहिलं. हेडविगने माळेवर बोट ठेवलं. देवाला दिलेला शब्द, तोही फेडीच्या मध्यावर. अजून ईस्टर यायचा होता.

"मग आपल्याला शोधावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "फुप्फुसांचा फोटो काढू. कधीकधी तिथे एखादी गाठ असते, तीसुद्धा असं करते."

गाठ. सिबिलेची पर्स कलंडली. तिने ती सावरली नाही. हेडविगने आपल्या मुलीचं तोंड पाहिलं, आणि जानेवारीत फोनवरून जे तिला दिसलं नव्हतं ते आता समोर दिसलं. हेच तर पोरीच्या चेहऱ्यावरून पुसायला ती नवस बोलली होती. आणि आता तोच नवस ते परत तिथे लिहीत होता.

"विसरले नव्हते गं," हेडविग म्हणाली.

"काय?"

"मीठ. सोडलं होतं मी. मडकं शेजारी ठेवायला दिलंय." मग ती शब्द शोधत, अडखळत बोलत राहिली. गाठ, फोन, नवस, ब्रेड, पुदिन्याच्या किटल्या. मध्येच एक शब्द सापडेना तेव्हा तिने हातानेच किटली दाखवली.

सिबिले उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. "मी तुला वृद्धाश्रमात ठेवायला निघाले होते! त्यांचा माणूस रोज फोन करतोय! आणि तू 'हो का?' म्हणून बसलीस?"

"खोटं नाही बोलले मी."

"खोटं नाही बोललीस! वा! अगं, स्वर्गात वकिलांची जागा निघाली ना, तर तुझ्यासमोर दुसरा अर्जसुद्धा येणार नाही!" आणि मग एकदम तिचा आवाज खाली आला. "माझ्यासाठी केलंस?"

"मग काय शेजारणीसाठी?"

सिबिलेने तोंड फिरवलं आणि खिडकीकडे पाहत नाक पुसलं. डॉक्टरांनी तेवढा वेळ कागदावर काहीतरी लिहिण्यात घालवला.

"किटल्या किती?" त्यांनी मग विचारलं.

"मोजल्या नाहीत. जिभेला काम हवं होतं."

"अळणी जेवण, त्यावर पाणीच पाणी, आणि वर पाणी उतरवणारी गोळी, जिच्याबरोबर मीठही जातं. तिघांनी मिळून केलंय हे. फुप्फुसांचा फोटो तरीही काढूच, पण आता मला तेवढी काळजी नाही. गोळी बंद, चहा कमी, आणि नळीतून मीठ देऊ. अगदी हळूहळू. घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते."

"डॉक्टरीणबाई," हेडविगने विचारलं, "नळीतून गेलेलं मीठ नवसाला चालतं का?"

"ते आमच्या अभ्यासाला नव्हतं."

"तोंडाला चव लागत नाही म्हटल्यावर..."

"आई!" सिबिले गर्रकन वळली. "नळीबरोबर खारट सूपही प्यायचंय तुला. नवस इथे संपला."

"अर्ध्यावर टाकलेला नवस—"

"उरलेला मी फेडते."

हेडविग तिच्याकडे बघत राहिली. "तू? तू तर मानत नाहीस."

"नाहीच मानत. पण माझ्या नावाने बोलली होतीस ना? माझ्या नावाचं पार्सल मी सोडवते. डॉक्टर, मला चालेल?"

"तुमचं रक्त तपासून सांगते. ठीक असेल तर ईस्टरपर्यंत चालेल. किटल्या मात्र नकोत."

हेडविगने मनातल्या मनात हिशेब वर पाठवून पाहिला. तिकडून नाही असं काही आलं नाही.

उठता उठता ती डॉक्टरांना म्हणाली, "एक राहिलंच. त्या दिवशी जी प्रार्थना विसरली गेली, ती मी विसरले, की अंगातलं मीठ विसरलं?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी रोज याच्याशीच काम करते, तरी नाही."

हेडविगला ते उत्तर पटलं. दवाखान्यातल्या पलंगावर, नळीतून थेंब उतरताना बघत ती त्यावर विचार करत राहिली. मातीतून माणूस घडवणाऱ्याने त्याच्या विचारासाठी चिमूट मीठ घेतलं असेल, तर त्यात कमीपणा कसला? उलट, आपण मूठभर सोडलं तर त्याने एक शब्द काढून घेतला. हिशेबात तो काही कच्चा नव्हता. पण जीभ थांबवल्यावरही जे आत फिरत होतं, लाटा चिखलात रुतल्या असतानाही फिरत होतं, ते कशावर चालत होतं? हे विचारायला पाहिजे कोणालातरी. तिने तो प्रश्न जपून ठेवला.

ईस्टरच्या आदल्या रविवारी झावळ्यांचा सण; त्याआधी तिला पुन्हा राइककडे नेलं. फुप्फुसं स्वच्छ निघाली होती. या वेळी सिबिलेही खोलीत येऊन बसली, जरा चिडलेलीच. सकाळी तिने उकडलेलं अंडं बिनमिठाचं खाल्लं होतं.

"साबण खाल्ल्यासारखं लागतं," ती म्हणाली. "तू हे इतके दिवस कसं खाल्लंस?"

"बटाट्याबरोबर बरं लागतं."

"बटाट्याबरोबर तर कागद लागतो."

"वृद्धाश्रमवाले फोन करतात का अजून?"

"कालच सांगितलं त्यांना, खोली दुसऱ्या कोणाला द्या. आणि ईस्टरला मीच सोडते तुला गावाला. मडकंही आणू शेजारून." सिबिलेने हात खिशात घातले. "पण दर रविवारी फोन करायचा. आणि मी काही विचारलं तर 'हो का?' म्हणायचं नाही."

"बरं."

राइकने टोपी बादलीतून काढून जरा निथळू दिली आणि तिच्या डोक्यावर बसवली. "डोळे मिटा, युनेमानबाई."

हेडविगने डोळे मिटले. थोड्या वेळाने राइकच्या खुर्चीची कुरकुर थांबली.

"या, तुम्ही पण बघा," त्याने सिबिलेला हळूच बोलावलं. "मागे बघा. दुकानदार गुणगुणतोय."

सिबिले पडद्यापाशी गेली. रेघांवर बारीक, चपळ लाटा उठत होत्या, एकीमागे एक, घाई न करता. तिला त्यातलं कळत काही नव्हतं, तरी ती खाली वाकून बघत राहिली. "ही सगळी आईच का?"

"तेवढं मला नका विचारू."

खुर्चीत हेडविगच्या कपाळावरून एक थेंब निसटला. नाकाच्या कडेने सावकाश उतरला आणि वरच्या ओठावर येऊन थांबला. टॉवेल मांडीवरच होता. हेडविगने तो उचलला नाही. तिने जिभेचं टोक बाहेर काढलं आणि थेंब आत घेतला.

खारट होता.

"युनेमानबाई," पडद्यामागून राइक ओरडला, "जीभ!"